धसक्यावर तारखेचा शिक्का

टपाल खात्यात एकतीस वर्षं काढली. सकाळी काउंटर उघडण्याआधी पहिलं काम म्हणजे शिक्क्यातली तारीख बदलायची आणि वहीत एक ठसा उठवून बघायचा. तारीख चुकली की दिवसभराचं टपाल चुकलं. हे आधी सांगायचं कारण असं, की २०१८ साली एका अपघाताच्या धसक्याचं टपाल माझ्याच डोक्यात बिनतारखेचं पडून राहिलं आणि रोज माझ्याच पत्त्यावर येत राहिलं. ते कसं थांबवलं, ते लिहितेय. मी डॉक्टर नाही. उपचार घेतलेली बाई आहे, आणि जे समजलं नाही ते माझ्यावर उपचार करणाऱ्या मॅडमना पुन्हा पुन्हा विचारून भंडावलेलं आहे.

दिवाळीआधीच्या शनिवारी नसरापूरला ताईकडे गेले होते. तिने चकलीची भाजणी भाजून, गिरणीतून दळून ठेवली होती. स्टीलचा मोठा डबा, पीठ अजून कोमट. स्कूटरवर पायाशी ठेवला आणि निघाले. कात्रजचा नवा बोगदा संपला की नवले पुलापर्यंत सगळा उतार. पुण्यात राहणाऱ्याला त्या अपघातांच्या उताराबद्दल वेगळं सांगायला नको. उजवीकडून एक ट्रेलर हॉर्न दाबून धरत गेला, ब्रेक लागत नव्हते. पुढच्या टेम्पोला धडकला, टेम्पो आडवा झाला आणि मी घसरत त्याच्या चाकाशी जाऊन पडले. माझं कॉलरबोन मोडलं. टेम्पोतला माणूस गेला. डब्याचं झाकण उडालेलं, रस्ताभर पिवळट पीठ, त्यात डिझेल पसरत चाललेलं, आणि सगळ्यावर धण्याजिऱ्याचा वास.

हाड काही आठवड्यांत जुळलं. जानेवारीत कामावर रुजू झाले. दुपारी शेजारच्या काउंटरवरच्या बाईंनी डबा उघडला, आत गरम थालीपीठ. मी कोणाचं तरी रजिस्टर पाकीट हातात धरून तशीच उभी. तळहातांना घाम, कानात हॉर्न, तोंडातून शब्द फुटेना. समोरचे आजोबा म्हणाले, "अहो मॅडम, पावती देताय ना?" पावती दुसऱ्या कोणीतरी दिली. मी बाथरूममध्ये जाऊन अर्धा तास नळ सोडून बसले.

ट्रकला घाबरते म्हटलं असतं तर लोकांनी मान डोलावली असती. थालीपिठाला घाबरते हे कोणाला सांगणार?

म्हणून आधी डोक्यात काय होतं ते समजून घ्या. मला निम्मा आराम त्यानेच पडला. कानशिलांच्या आतल्या बाजूला, खोलवर, बदामाएवढी पेशींची एक गाठ प्रत्येकालाच असते, दोन्हीकडे एकेक. तिला अमिग्डाला म्हणतात. धोका हुंगणं हे तिचं काम. ती विचार करत बसत नाही. तिने घंटा वाजवली की काही सेकंदांत अॅड्रेनलिन सुटतं, छाती धडधडते, हातपाय पळायला तयार होतात, आणि मागोमाग ताणाचं दुसरं संप्रेरक, कॉर्टिसोल, येतं. तिच्या शेजारीच हिप्पोकॅम्पस असतो. हा आमच्या खात्यातला म्हणायला हरकत नाही. घडलेली गोष्ट कुठली, कधीची, कशानंतरची, याची नोंद तो करतो. कपाळामागे प्रीफ्रंटल कॉर्टेक्स. "अगं, तो हॉर्न नाही, कुकरची शिट्टी आहे," असं सांगून घंटा बंद करणारा शहाणा माणूस तो.

जिवावर बेतलेल्या प्रसंगात घंटा एवढ्या जोरात वाजते की नोंदणीचं काम विस्कटतं. वास, आवाज, उजेड, अंगातली कळ, हे सगळं ठळक उमटतं, पण त्यावर तारीख-वार नीट पडत नाही. मग तसाच वास पुन्हा आला की मेंदूला ती आठवण वाटतच नाही, आत्ता घडतंय असंच वाटतं. वासाचं तर आणखी एक आहे. डोळ्यांच्या आणि कानांच्या खबरा आधी थॅलॅमस नावाच्या वर्गीकरण कक्षातून जातात. वासाची खबर त्याला वळसा घालून जवळजवळ थेट अमिग्डालाच्या दारात पोचते. हे मॅडमनी सांगितलं तेव्हा मी पहिल्यांदा हसले. म्हणजे भाजणीने रांग मोडली होती.

शब्द फुटत नाहीत त्यालाही कारण आहे. असे प्रसंग पुन्हा जागे होतात तेव्हा बोलणं घडवणारा ब्रोका नावाचा भाग मंदावलेला काही तपासण्यांत दिसला आहे. तेव्हा समोरचा माणूस गप्प झाला तर "बोल ना, काय होतंय" म्हणून त्याच्या मागे लागू नका.

"ट्रॉमाने", म्हणजे मनावरच्या मोठ्या आघाताने, "मेंदू आक्रसतो" असले व्हिडिओ बघून घाबरू नका. अशा रुग्णांचा हिप्पोकॅम्पस सरासरीने थोडा लहान आढळतो, हे खरं. पण २००२ साली व्हिएतनाम युद्धातल्या सैनिकांचा आणि युद्धावर न गेलेल्या त्यांच्या जुळ्या भावांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. घरी राहिलेल्या भावांचाही हिप्पोकॅम्पस तसाच लहान निघाला. म्हणजे निदान काही अंशी ती आधीचीच ठेवण असावी. आणि मेंदू मोठेपणीही नवं शिकतो. उपचार म्हणजे तेच शिकणं.

आमच्या सासूबाई नारायण पेठेतल्या. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं, खालचं खडकवासला गेलं आणि नदी पेठांत शिरली, तेव्हा त्या सोळा वर्षांच्या. पुढे जन्मभर जून लागला की रेशनकार्ड, दागिन्यांची पुरचुंडी आणि लग्नाचे फोटो एका ट्रंकेत भरून माळ्यावर चढवायच्या. आम्ही कोथरूडला तिसऱ्या मजल्यावर राहायला गेलो तरी! घरात सगळे हसायचे. मीही हसले आहे. थालीपिठाच्या त्या दुपारनंतर मला ती ट्रंक आठवली आणि मान खाली गेली. तेव्हा या त्रासाला नावही नव्हतं. पीटीएसडी, म्हणजे पोस्ट ट्रॉमॅटिक स्ट्रेस डिसऑर्डर, हे नाव अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या पुस्तकात आलं १९८० साली. आपल्याकडे मात्र शब्द आधीपासून होता, धसका. धसका घेणं हे अंगाचं क्रियापद आहे, मनाचं नाही, आणि ते बरोबरच आहे.

आता करायचं काय, ते.

प्रसंग ताजा असेल, पहिले काही दिवस चालू असतील, तर फार काही करू नका. जेवणखाण, झोप, ओळखीचं माणूस शेजारी, आणि फोनवर तोच तो व्हिडिओ बघणं बंद. "सगळं बोलून टाक म्हणजे मोकळं होशील" म्हणून कोणी बसवून वदवून घेत असेल तर नाही म्हणा. तसं एका बैठकीत उकरून घेतल्याने फायदा होत नाही असंच आढळलंय. स्वतःहून बोलावंसं वाटलं तर जरूर बोला. माझ्या आईने मीठ-मोहऱ्या घेऊन दृष्ट काढली. मोहऱ्यांनी अमिग्डालाचं काय झालं असेल ते असो, पण पाच मिनिटं ती माझ्याभोवती हात फिरवत होती, आणि त्या आठवड्यात मला त्याच रात्री झोप लागली. दारू नको. केमिस्टकडून झोपेच्या गोळ्या आणून घेणं तर नकोच. तेवढ्यापुरतं बधिर वाटतं आणि सवय लागते.

पहिले काही आठवडे दचकणं, वाईट स्वप्नं, रडू येणं हे बहुतेकांना होतं आणि बहुतेकांचं हळूहळू ओसरतं. महिना उलटला तरी प्रसंग डोळ्यांपुढे येतोय, काही रस्ते, माणसं, पदार्थ टाळण्यातच दिवस जातोय, घरच्यांवर उगाच डाफरताय, झोप तुटतेय, तर मग वाट बघू नका. मी सात महिने वाट बघितली. त्या सात महिन्यांत नवले पूल टाळायला मी नसरापूरला जाणं सोडलं, मग सिंहगड रस्ता सोडला, मग स्कूटर. घरात धणे आणणं बंद. टाळल्याने त्या क्षणी बरं वाटतं, आणि मेंदू त्यातून एवढंच शिकतो की टाळलं म्हणून वाचलो. घेर वाढतच जातो.

भीतीचा झटका आला की काय करायचं, ते मी काउंटरवर उभ्या उभ्या शिकले. दोन्ही पावलं जमिनीवर दाबायची. चप्पल काढता आली तर उत्तम, फरशीचा गार स्पर्श हवा. श्वास आत घेण्यापेक्षा बाहेर सोडायला जास्त वेळ द्यायचा. चार आकडे आत, सहा-सात बाहेर. लांब उच्छ्वासाने छातीची धडधड थोडी उतरते. ओठांचा चंबू करून, गरम चहावर फुंकर मारतो तसा सोडा, कोणाला कळतही नाही. मग डोळे उघडे ठेवून समोरच्या पाच वस्तूंची नावं मनात घ्यायची: खळीची बाटली, वजनकाटा, आजोबांची टोपी, पंखा, कॅलेंडर. आणि शेवटी हलक्या आवाजात तारीख: "आज मंगळवार, एकोणीस मार्च, दोन हजार एकोणीस. मी ऑफिसात आहे. ते शनिवारी झालं, ऑक्टोबरच्या शेवटी. संपलं." वेड्यासारखं वाटतं. करा तरीही. बाकी सगळं पुस्तकांत सापडेल, तारखेची भर माझी. मॅडमना आवडली.

डोळे मिटून ध्यान करा असं पुण्यात कोणीही, बसस्टॉपवरसुद्धा सांगतं. ध्यान वाईट नाही. पण धसका ताजा असताना डोळे मिटले की आतला सिनेमा सुरू होतो. मला सुरुवातीला चालण्याने जास्त फायदा झाला. पर्वती चढायचे. वर पोचल्यावर छाती धडधडायची, घाम यायचा, म्हणजे झटक्यात जे होतं तेच सगळं, पण समोर अख्खं शहर शांत पसरलेलं. धडधड म्हणजे संकटच असं नाही, हे शरीराला असं पाय दुखवूनच पटतं.

आता खऱ्या उपचाराकडे. मनोविकारतज्ज्ञ म्हणजे सायकियाट्रिस्ट, ते डॉक्टर असतात आणि औषध देऊ शकतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट थेरपी करतात, औषध देत नाहीत. त्यांच्याकडे रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाची नोंदणी आहे का, ते विचारायला लाजू नका. आपण रजिस्टर पाकिटाची पावती मागायचोच की. दुसरा प्रश्न: "तुम्ही ट्रॉमासाठी नेमकी कोणती पद्धत वापरता?" उत्तरात ट्रॉमावर केंद्रित सीबीटी (विचार आणि वागणं बदलायला शिकवणारी थेरपी), प्रोलाँग्ड एक्स्पोजर (भीतीला टप्प्याटप्प्याने तोंड द्यायला लावणारी) किंवा ईएमडीआर असं काही आलं तर पुढे बोला. यांना चांगला आधार आहे, सीबीटी आणि ईएमडीआरची शिफारस २०१३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही केली. ईएमडीआरमध्ये आठवण मनात धरून तज्ज्ञाच्या बोटामागे डोळे हलवायचे असतात. डोळे हलवल्यानेच फरक पडतो की आठवणीला तोंड दिल्याने, यावर तज्ज्ञांत वाद आहे. पद्धत उपयोगी पडते, वाद त्यांना घालू दे. "सकारात्मक विचार करा, पाचशे रुपये" असं उत्तर आलं तर उठा. मी एकदा उठलेय.

औषधांचं थोडक्यात: सर्ट्रालिनसारखी गोळी यासाठी वापरतात, गुण यायला काही आठवडे जातात, मनाने बंद करायची नाही. मला आठ-नऊ महिने होती.

माझी थेरपी अशी झाली. कर्वे रस्त्यावर जिन्याखालची एक छोटी खोली, दर बुधवारी साडेपाच. पहिले तीन बुधवार नुसता श्वास, माहिती, आणि आठवड्याची झोप लिहायची वही. मग मॅडम म्हणाल्या, "आता मला तो शनिवार सांगा. बोगदा संपला तिथून. आत्ता होतंय असं सांगा. फोनवर रेकॉर्ड करू." पहिल्यांदा मी चार मिनिटांत अॅम्ब्युलन्सपर्यंत पोचले. त्या म्हणाल्या, "झाकण उडालं तेव्हापासून परत." दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा. ते रेकॉर्डिंग रोज घरी ऐकायचं. गच्चीत बसून ऐकायचे, हे जिन्यात थांबायचे. काही बोलायचे नाहीत, चहा आणून ठेवायचे.

पाचव्या की सहाव्या बुधवारी जे आलं ते मी स्वतःपासूनच लपवलं होतं. पडल्यावर मी पीठ गोळा करत होते. तिकडे टेम्पोत माणूस विव्हळत होता आणि मी एका हाताने रस्त्यावरची भाजणी डब्यात ओढत होते. घाबरत होते ती भाजणीला नव्हे, या चित्राला. "यात तुमचा दोष नाही" असं मॅडम म्हणाल्या असत्या तर मी खोटं समजून घरी गेले असते. त्यांनी विचारलं, "कॉलरबोन मोडलेल्या बाईने त्या मिनिटात नेमकं काय करायला हवं होतं? लिहून आणा." आठवडाभर लिहिलं, खोडलं. टेम्पोपाशी तोवर चार-पाच माणसं पोचली होती, हेही लिहितानाच आठवलं. भेदरलेल्या मेंदूला शहाणपण सुचत नाही, हात सवयीचं काम करतात. माझ्या हातांना सांडलेलं भरायची सवय होती.

मग शिडी. हा भाग कोणीही तज्ज्ञाशी बोलून करू शकतं. ज्याची भीती वाटते त्याचे सोपे ते अवघड टप्पे पाडायचे आणि प्रत्येकाला शून्य ते शंभर गुण. माझे असे: कागदावर "भाजणी" लिहिणं, वीस. बंद बरणीतले धणे, तीस. बरणी उघडून वास, पन्नास. धनकवडीच्या गिरणीबाहेर उभं राहणं, साठ. वाटीभर भाजणी स्वयंपाकघरात, सत्तर. थालीपीठ लावून खाणं, ऐंशी. बसने तो उतार, नव्वद. भाजणीचा डबा घेऊन तो उतार, शंभर. नियम एकच आणि तो महत्त्वाचा: भीती टिपेला असताना पळायचं नाही. गुण निम्म्यावर येईपर्यंत तिथेच थांबायचं. गिरणीबाहेर पहिल्या दिवशी पाऊण तास उभी होते. गिरणीवाल्याने तीनदा विचारलं, "काकू, दळण आणायचं राहिलं का?" चौथ्या दिवशी दहा मिनिटं पुरली. चढाओढ करू नका, एक टप्पा आठवडाभर चालला तरी हरकत नाही. मात्र ज्यांना आपण शरीराबाहेर आहोत असं वाटतं, वेळेचं भान जातं किंवा जीव द्यावासा वाटतो, त्यांनी हे एकट्याने मुळीच करू नये.

लहानपणापासून मार, अत्याचार, सततची दहशत सोसलेल्यांचं गणित वेगळं असतं. तिथे एकच शनिवार नसतो. आजारांच्या नव्या आंतरराष्ट्रीय यादीत, म्हणजे आयसीडी ११ मध्ये, त्याला कॉम्प्लेक्स पीटीएसडी असं वेगळं नाव आहे. बऱ्याचदा आधी भावना सांभाळणं आणि माणसांवर विश्वास टाकणं यावरच महिने जातात, आठवणी नंतर. आणि मारणारा अजून घरातच असेल तर आधी सुटका, मग थेरपी. तातडीला ११२, बायकांसाठी १८१, मुलांसाठी १०९८.

पैशांची अडचण असेल तर पुण्यातल्या ससून सरकारी रुग्णालयाच्या मनोविकार विभागात दाखवा. रात्री-अपरात्री बोलायचं असेल तर केंद्र सरकारची टेली-मानस सेवा आहे, १४४१६, चोवीस तास, मराठीतूनही, फुकट.

घरच्यांना एवढंच सांगेन. "झालं ते झालं, विसर आता" हे वाक्य घरातून हद्दपार करा. विसरता आलं असतं तर धसका घेतलेल्या बाईने तुमची परवानगी मागितली नसती. तिच्या वतीने सगळं टाळूही नका. माझ्या लेकीने प्रेमापोटी घरातून धणे हलवले होते, ते मॅडमनी परत आणायला लावले. विचारा, "आत्ता काय करू?" आणि उत्तर आलं नाही तर आमच्या ह्यांच्यासारखा चहा ठेवा.

बरी झाले म्हणजे पाटी कोरी झाली असं नाही. जुनी भीती पुसली जात नाही, तिच्यावर नवं शिकलेलं बसतं, आणि दमलेल्या दिवशी जुनं वर येतं. २०२१ मध्ये एका लग्नात मसालेभाताच्या वासाने पुन्हा घाम फुटला. पावलं दाबली, तारीख म्हटली, घरी येऊन बरणीच्या टप्प्यापासून आठवडाभर शिडी केली, उतरलं.

गेल्या दिवाळीत भाजणी आणायला मीच गेले. ताई म्हणाली, "अगं, कोणाबरोबर तरी पाठवते." म्हटलं, नको. बसमध्ये डबा मांडीवर, पीठ कोमट, झाकणाला फडकं बांधलेलं. बोगदा संपला तेव्हा पंचेचाळीस, पुलाशी तीस. घरी येऊन डब्याला कागदाची पट्टी चिकटवली आणि तारीख घातली. चकल्या जरा कडक झाल्या, मोहन कमी पडलं.